पाहुण्याचं नाक

हात आपसूक वर गेला होता, आणि तो गेलाय हे संघप्रियाच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. पुण्याची गाडी बल्लारशाह स्टेशनात नुकतीच थांबली होती. तिचा एक पाय फलाटावर, दुसरा अजून डब्याच्या पायरीवर, आणि ओढणीचं टोक घट्ट नाकाशी. वास आला होता. उकडून ठेवलेल्या कोबीचा, त्यात थोडा नासक्या अंड्याचा, आणि त्या सगळ्याखाली ओल्या बांबूचा गोडसर वास. कागदाच्या कारखान्याचा. म्हणजे गावाचा. जी बाई याच गावात जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, जिच्या बापाने उभी हयात त्या कारखान्यात बांबू शिजवण्यात घातली, तिला आज पहिल्यांदा आपल्या गावाचा वास आला होता. तिने ओढणी झटकन खाली ओढली, खांद्यावरून पुढे घेतली, जणू ती नीट करायलाच हात वर गेला होता. समोर वामनराव उभे होते. डोक्याला मफलर, पायात चप्पल, चेहऱ्यावर नेहमीचं अर्धं हसू. बाबांनी पाहिलं की नाही? त्यांनी बॅगेला हात घातला आणि म्हणाले, "आली का माय? गाडी टायमावर आली म्हणायची आज." पाहिलं नसावं. किंवा पाहिलं असावं. तेव्हापासून तिच्या छातीत काहीतरी अडकलं ते निघेना.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं बाहेरचा कोणीही विचारील. त्याचं बरोबर आहे, तो बाहेरचा आहे. बल्लारपुरात, ज्याच्या स्टेशनाचं नाव तेवढं बल्लारशाह, पाहुणा नाकावरून ओळखतात. स्टेशनसमोर लच्छूची चहाची टपरी आहे आणि वामनराव निवृत्त झाले तेव्हापासून सकाळचा पहिला चहा तिथेच घेतात. गाडी आली की टपरीवरची चार म्हातारी मंडळी बाहेर पडणाऱ्यांची नाकं बघत बसतात. कोणाचा रुमाल वर गेला, कोणी नाक आक्रसलं, की लच्छू गाळणीवरून मान वर न करता म्हणतो, "पाहुणा!" आणि मग तो पाहुणा टपरीवर येतो, इकडेतिकडे पाहतो आणि हमखास विचारतो, हा वास कसला हो येतोय? त्यावर चौघंही एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणतं, "वास? कुठी येते वास?" लहानपणी संघप्रियाने बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून हा खेळ कितीदा पाहिला होता. ती तेव्हा जोरजोरात हुंगायची आणि खरोखरच तिला काही लागायचं नाही. तिला त्या पाहुण्यांची कीव यायची. बिचारे, म्हणायची, यांचं नाकच खराब दिसते.

आणि ही काही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हती, निदान तिच्यासाठी. पुण्यात कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी तिने ट्रंक उघडली तेव्हा खोलीतली दुसरी मुलगी पलंगावर उठून बसली होती. "ए, कसला गं वास येतोय? तुझ्या कपड्यांना येतोय का?" संघप्रियाने एक कुर्ता उचलून नाकाला लावला. आईने उन्हात वाळवून घडी घातलेला कुर्ता. "मला तर नाही येत," ती म्हणाली, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मग तिने सगळे कपडे धुतले, परत धुतले, ती मुलगी मात्र खिडकी उघडी ठेवूनच झोपायची. रडू आलं होतं तिला तेव्हा, पण त्या रडण्याच्या तळाशी एक ताठा होता. तुला येतो, मला येत नाही. तो वास माझ्या गावाचा आहे आणि माझ्या गावाचा वास मला येत नसतो. पुढे नोकरी लागली, बँकेत बढत्या झाल्या, लग्नाचं राहून गेलं ते गेलंच, तिने मले-तुले टाकून मला-तुला शिकून घेतलं, लोक म्हणाले की तुम्ही तिकडच्या वाटत नाही हो. ही शाबासकी आहे हे समजायला तिला काही वर्षं लागली आणि ती शाबासकी नाही हे समजायला त्याहून जास्त. तुमच्याकडे वाघ रस्त्यावर येतात ना? तिकडची माणसं जरा निवांतच, नाही का? रात्री गोळीबार वगैरे ऐकू येतो? ती हसून उत्तरं द्यायची. मनात म्हणायची, बोला बापहो, काय बोलायचं ते बोला. माझं नाक अजून तिकडंच आहे.

म्हणून तर तिने चंद्रपूरची शाखा मागून घेतली. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, बाबा एकटे होते, हे कारण होतंच. पण ते सांगायचं कारण. खरं कारण असं की तिला घरी यायचं होतं. ऑर्डर निघाली त्या दिवशी शाखेत जो तो येऊन तिच्याकडे घरात कोणी गेल्यासारखं पाहू लागला. केतकर मॅडम तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "चंद्रपूर? अगं, काय केलंस तू? कुणाशी वाजलं?" ती म्हणाली, मीच मागितली. कोणाचा विश्वास बसला नाही. गडचिरोली-चंद्रपूर शिक्षा म्हणून मिळतं, मागून कोण घेतं! केतकर मॅडम मनाच्या चांगल्या, निघताना म्हणाल्या, "सोमवारी तिकडे हजर होईपर्यंत वेळ आहे. वाटलं तर एक फोन कर, मी रद्द करून आणते." संघप्रियाला राग आला होता त्याचा. आज बाबांच्या स्कूटरच्या मागे बसून घराकडे जाताना, तोंडाने श्वास घेत, तिला मॅडमचं ते 'एक फोन कर' आठवलं. याआधी ती दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची, तेव्हा कधी वास आला नव्हता. किंवा आलाही असेल, आणि परतीचं तिकीट पर्समध्ये असलेल्या माणसाने तो मनावर घेतला नसेल. या खेपेला परतीचं तिकीट नव्हतं. राहायला म्हणून आली आणि नाकाने पहिल्याच पावलाला सांगून टाकलं की बाई, तू पाहुणी आहेस.

घरात सगळं होतं तिथंच होतं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि आता त्यांच्या खाली आई, मीराबाई, चष्म्यासकट. बाबांनी वांग्याची भाजी केली होती, भात, जवसाची चटणी. "खाऊन पाय, तुह्या मायसारखी नाई झाली पण चालते." ती जेवायला बसली आणि घासाबरोबर वास आत गेला. तिने चटणी जास्त घेतली. बाबा बोलत होते, कोणाच्या पोराचं लग्न ठरलं, स्टेशनच्या भिंतींवर कसे वाघ आणि मोर रंगवलेत आणि लोक कसे फोटो काढायला येतात, "देशात नंबर लागला होता आपल्या स्टेशनचा एकदा, मालूम आहे ना?" हे ते दरवेळी सांगत आणि ती दरवेळी हाव बाबा म्हणत असे. आजही म्हणाली. दुपारी तिने उदबत्ती लावली. बाबांनी आतून विचारलं, "उदबत्ती काऊन लावली या टायमाले?" "आईच्या फोटोपुढं," ती म्हणाली. सरळ सरळ खोटं, आणि तेही आईच्या नावावर. आई फोटोतून चष्म्याआडून बघत होती. आई पुण्याला पंधरा दिवस राहिली होती तेव्हा तिला झोप यायची नाही. "इथल्या हवेले काही वासच नाई," म्हणायची, आणि संघप्रियाला तेव्हा त्या वाक्याचा किती आनंद झाला होता. आईचं नाक, बाबांचं नाक, आपलं नाक, एका घरची नाकं. आता त्या घरातून तिचं एकटीचं नाक फुटून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशीही वास आला. तिसऱ्या दिवशी थोडा कमी झाल्यासारखा वाटला, तिला इतकं बरं वाटलं की तिने चहा दोनदा केला. संध्याकाळी वारा फिरला आणि परत आला. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती हुंगायची. अंगणात कपडे वाळत घालताना हुंगायची. एखाद्या आजारी माणसाने सारखा ताप बघावा तशी. शेजारच्या बायका येऊन बसायच्या, गप्पा मारायच्या, त्यांच्या नाकाकडे ती टक लावून बघायची. मजेत होत्या त्या. एकीलाही काही नव्हतं. एकदा ती चंद्रपूरला नवी शाखा बघायला म्हणून गेली. ऑटो विसापूरच्या पुढे गेला आणि तिने छाती भरून श्वास घेतला, अगदी पोटापासून, आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. शाखेतले लोक चांगले निघाले. चहा आला, बिस्किटं आली, एक कॅशिअर मिश्कीलपणे म्हणाला, "मॅडम बल्लारपूरच्या का? मंग तुम्हाले नाक नसनच! बल्लारपूरवाल्याइले नाक राहत नाई, सिध्धी गोष्ट आहे." सगळे हसले. दुसरा म्हणाला, आन आपल्या चंद्रपूरवाल्याइले फेफडे राहत नाई, कोळसा राहते त्याच्या जागी. पुन्हा हसले. काय प्रेमाने बोलत होते आपल्याच गावांबद्दल! संघप्रियाही हसली आणि म्हणाली, "नाई बा, मले नाई येत वास." आयुष्यात ती हेच वाक्य किती वेळा बोलली होती, मान ताठ ठेवून. आज पहिल्यांदा ते खोटं होतं, आणि तिला चोरी केल्यासारखं झालं. घरी परतताना विसापूरला वास पुन्हा आत आला, तिच्या शेजारी येऊन बसला आणि थेट घरापर्यंत आला.

मग तिच्या मनाने जे चालू केलं ते चालूच राहिलं. पुण्यात तर आपण कधी पुण्याच्या झालो नाही. तिथे तीसेक वर्षं काढूनही 'तुमच्याकडे' हा शब्द सुटला नाही. आपण त्यांच्याकडच्या नव्हतोच. चालेल, म्हटलं, आपल्याला आपलं आहे ना. आणि आता हे. म्हणजे कुठेतरी एका दुपारी, कुठल्या तरी टेबलाशी, आपल्याला न कळता, ते आतलं काहीतरी मरून गेलं, आणि आपण मात्र त्याच्या जिवावर ताठ्यात राहिलो. बाबांना हे सांगायचं कसं? बाबा तर टपरीवर सगळ्यांना सांगत सुटले होते, माही पोरगी वापस आली, शिक्षा म्हणून नाई, मागून आली, स्वतः मागून! लच्छूला तर त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की तो म्हणाला, वामनभाऊ, आता पेपरात द्या. बापाला एवढा आनंद आणि लेकीच्या नाकात पाहुणी बसलेली. त्यांना कळलं तर काय वाटेल? ते काही बोलणार नाहीत, हेच तर वाईट. नुसतं तिच्याकडे बघतील, लच्छू बघतो तसं, आणि मनात म्हणतील, पाहुणी. शनिवारी दुपारी तिने केतकर मॅडमचा नंबर काढला. मोबाइल हातात धरून बराच वेळ बसली. तेवढ्यात बाबा आले, म्हणाले, उद्या सकाळी चाल माह्यासंग टपरीवर, मोठी झाल्यावर कधी आलीच नाई तू. तिने मोबाइल पालथा ठेवला. उद्या टपरीवरून आल्यावर करू, तिने ठरवलं.

रविवारी सकाळी थंडी होती. धुकं रस्त्यावर बसून होतं आणि धुक्यात वास असा मुरला होता की हाताने बाजूला करावा. बापलेक पायीच निघाले. वामनराव हात मागे बांधून चालत होते. रेल्वेच्या पादचारी पुलावर चढताना त्यांना धाप लागली म्हणून ते मधे कठड्याला टेकून थांबले. खाली रुळांवर कोळशाच्या वाघिणी उभ्या होत्या. पलीकडे कारखान्याचा धूर धुक्यातच मिसळला होता. संघप्रिया त्यांच्या शेजारी उभी राहिली, तोंडाने श्वास घेत, आणि अचानक तिला या तोंडाने श्वास घेण्याचाच भयंकर कंटाळा आला. तिने तोंड मिटलं. नाकाने एक श्वास घेतला आणि बोलून गेली.

"बाबा, मले वास येते."

वामनराव तिच्याकडे वळले. "काय?"

"वास. कारखान्याचा. आली त्या दिवसापासून येऊन राह्यला. लय येते, बाबा. मले वाटलं दोन दिवसात जाईन, नाई गेला." आणि तिचा आवाजच फुटला. पन्नाशीला टेकलेली, बँकेत ऑफिसर असलेली बाई पुलावर उभी राहून शाळकरी पोरीसारखी रडू लागली. "मी पाहुणी झाली बाबा. मी इथली नाई राह्यली."

वामनराव कठड्यापासून सरळ झाले. मग त्यांनी मफलर सोडला, परत गुंडाळला. "वास येते," ते म्हणाले. "मंग? मले का सर्दी झाली आहे?"

तिने डोळे वर केले.

"सगळ्याइले येते, पोरी. रोज नाई, पण वारा फिरला का येते. लच्छूले येते. तुह्या शेजारच्या बायाइले येते. आज तं असा सुटला आहे! मले पुलावर धाप काऊन लागली, वाटते तुले? म्हातारपण थोडं, बाकी हाच." आणि ते हसू लागले, खोकला येईपर्यंत. "तुले खरंच वाटलं का, आम्हाले येत नाई म्हून? येवढी शिकली तू!"

"पण तुम्ही तर... टपरीवर... वास कुठी येते म्हणता!"

"मंग पाहुण्यापुढं काय म्हणू? हाव बा, घाण येते, परत जा?" ते कठड्यावर कोपर टेकून बोलू लागले, थांबत थांबत, आठवेल तसं. "मी खेड्यातून आलो कामाले, तं पहिल्या दिवशी जेवलोच नाई. लग्न झालं, तुही माय धानोऱ्याकडची, जंगलातली, मोहफुलाच्या वासात वाढलेली. इथी आली आन तिसऱ्याच दिवशी मोरीत भडाभडा वकली. कारखान्याच्या क्वार्टरची अख्खी लाईन म्हणे, वामन, लवकर पेढे आणले! माह्या आईचं तोंड पाह्याचं होतं तू." संघप्रिया रडता रडता हसली, नाक वाहत होतं तसंच. "मंग तुह्या मायनं कायदा केला. पोराइपुढं वासाचं नाव काढाचं नाई. आपसात कितीबी शिव्या द्या. पण पोरं मोठी होतीन, बाहेरगावी जातीन, लोकं हसतीन, तवा त्याइनं मान खाली नाई घालाची. त्याइच्या मनात हे बसलंच नाई पायजे का आपलं गाव नासकं आहे म्हून. साऱ्या लाईनच्या बायाइनं ऐकलं तिचं. लहान पोराइले तसाबी येत नसते, त्यातच जन्मते. तू पुण्याहून यायची तं ती उन्हात वाळवलेले कपडे पुन्हा घरात आणून पेटीत ठेवायची, तुले वास नाई लागला पायजे म्हून. मरेपर्यंत."

खालून एक इंजिन शिट्टी देत गेलं. संघप्रियाला वसतिगृहातला तो कुर्ता आठवला, तिने नाकाला लावलेला, ज्यात तिला काहीच आलं नव्हतं. आईने तिला काय बांधून दिलं होतं ते आत्ता कळलं. आणि आईला स्वतःला येत होता, रोज, चूल पेटवताना, भाकरी थापताना, आणि ती पुण्यात येऊन म्हणाली होती, इथल्या हवेले काही वासच नाई. किती सहज म्हणाली होती. छातीत एवढे दिवस जे अडकलं होतं ते सुटलं, तिला ते सुटताना जाणवलंसुद्धा. एवढंच होतं तर! वास येणं हे काही पाहुण्याचं लक्षण नव्हतं. तिने ओढणीने डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि ओढणी खाली सोडून दिली.

"तुम्ही पाह्यलं होतं ना, बाबा? स्टेशनावर? मी ओढणी लावली तवा."

"पाह्यलं ना. लच्छूबी आला होता मागं, त्यानंबी पाह्यलं. 'पाहुणी' म्हणासाठी तोंड उघडलंच होतं त्यानं. मी म्हणलं, गपचिप राह्य बे, धूळ गेली तिच्या नाकात." ते पुन्हा चालू लागले. "तूच येऊन बोलशीन म्हून वाट पाहून राह्यलो होतो. चाल, चहा थंड होऊन राह्यला."

"चहा अजून केलाबी नसन लच्छूभाऊनं."

"करन. गाडी आली पाय."

टपरीवर पोचले तोवर गाडीतली माणसं बाहेर येऊ लागली होती. लच्छूने संघप्रियाकडे पाहिलं, तिच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि बाकावर जागा केली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी पाय आत घेतले. ती बसली. वारा नदीकडून आला आणि वास भसकन अंगावर आला, पूर्ण, कोबी आणि अंडं आणि ओला बांबू. तिने तो घेतला. नाक मिटलं नाही. हे बाबांच्या पगाराचं, शाळेच्या फीचं, आईच्या मोरीतल्या उलटीचं, असं काही ती मनात मोजत बसली नाही. वाईट वास होता आणि तो आपला होता, बस. केतकर मॅडमना फोन करायचा होता तो करायचाच, पण आता फक्त एवढं सांगायला की उद्या हजर होतेय, काळजी करू नका.

गर्दीतून एक माणूस टपरीकडे आला. मुंबई-पुण्याकडचा असावा, चाकाची बॅग, जर्किन, गळ्यात कॅमेरा, ताडोब्याला निघालेला दिसत होता. हातातला रुमाल त्याने नाकावर धरला होता. लच्छू गाळणीवर वाकला होता, त्याने मान वर केली नाही. तो हळूच म्हणाला, "पाहुणा." माणूस जवळ आला, रुमालाच्या आडून इकडेतिकडे पाहत म्हणाला, "काका, हा कसला वास येतोय हो इथे?"

चौघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे वामनरावांकडे बघू लागले आणि वामनराव आपल्या लेकीकडे. त्यांनी डोळ्यांनीसुद्धा काही खूण केली नाही. नुसते थांबले.

संघप्रियाने त्या माणसाकडे पाहिलं. बिचारा खरंच हैराण झाला होता. तिने जोरात हुंगलं, डावीकडे, उजवीकडे, लहानपणी हुंगायची तसंच, आणि अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाली, "वास? कुठी येते वास? मले तं नाई येत बा."

मग ती सरकली, बाकावर आपल्या शेजारी जागा केली, आणि म्हणाली, "बसा ना. लच्छूभाऊ, माह्या आधी पाहुण्याले द्या चहा."